सरळ विचारणाऱ्या डॉक्टरीणबाई

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एड्सच्या बातम्या पेपरात यायला लागल्या होत्या आणि प्रत्येकाकडे त्याबद्दल एक ऐकीव गोष्ट असायची. डास चावला की होतो, घामानं होतो, उष्ट्या पेल्यानं होतो. मी तेव्हा धरमपेठेत टायपिंग शिकवायची. लग्न ठरलं होतं. ज्याच्याशी ठरलं तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला होता आणि तिथल्या कॉलनीत एका मित्रासोबत राहायचा.

मित्र गावाला गेलेला असताना एका रविवारी मी त्याच्या क्वार्टरवर गेले. आम्ही खूप जवळ आलो. संबंध आला नाही. तेवढं लग्नानंतर, असं दोघांनी ठरवलेलं होतं. पण कपड्यांची आडकाठी राहिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात तो क्लास सुटायच्या वेळेला दारात उभा. चेहरा पडलेला. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या त्यानं सांगून टाकलं, "मागच्या वर्षी मित्रांसोबत बाहेरगावी गेलो होतो. तिथं एका बाईकडे गेलो. पेपर वाचून वाचून डोकं फिरून राहिलं. तुले न सांगता लग्न नाही करू शकत मी. मोडायचं असेल तर मोड."

मी चहा तसाच ठेवून घरी आले. राग तर होताच, पण भीती त्याहून मोठी होती. त्या रविवारी त्याचा ओलावा माझ्या मांडीला लागला होता. मी तिथली कातडी घासून घासून लाल केली. पाण्याचा पेला वेगळा ठेवला. ताईचं तान्हं बाळ मांडीवर घ्यायचं टाळू लागले. ताईला वाटलं, लग्न ठरल्यापासून हिला शिंगं फुटली.

शेवटी सीताबर्डीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरवलं. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मीबी येतो. उत्तरं तर मलेच द्यावी लागतीन." त्या काळात असं दवाखान्यात सोबत येऊन बसणारा पुरुष मी दुसरा पाहिला नाही.

बाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. त्यानं आधी मागच्या वर्षीचं सगळं सांगून टाकलं. मग मी सुरुवात केली, "थोडं अंगाला अंग..." आणि अडखळले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काहून लाजून राहिली वं? मी विचारते, तू फक्त हो नाही सांग. आत गेलं होतं?"

"नाही."

"त्याचं पाणी आत, नाही तर तोंडात गेलं? जिथं लागलं तिथं जखम, फोड, काही?"

"नाही. मांडीलाच लागलं."

"मग ऐक. धड कातडीतून हा रोग आत जात नाही. मिठीनं नाही, चुंबनानं नाही, हातानं नाही, पेल्यानं तर नाहीच. त्या दिवसापायी तुले काही होत नाही."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग त्याच्याकडे वळल्या. आवाज तोच, ना चढलेला ना गोड केलेला.

"तुझी गोष्ट वेगळी आहे गा. तिथं संबंध आला. निरोध वापरला होता?"

"नाही."

"मग रक्त तपासायचं. बरेच महिने उलटले, म्हणजे रिपोर्टवर भरवसा ठेवता येईन. तोवर दोघांनी याच्या पुढं जायचं नाही. आणि पोरा, तिले सांगितलं ते चांगलं केलं."

रक्त बाहेरगावी पाठवावं लागलं. रिपोर्ट यायला बराच वेळ लागला. त्या दिवसांत मी ताईच्या बाळाला मनसोक्त खेळवलं. होणाऱ्या नवऱ्यावरचा राग मात्र एकदम गेला नाही. भेटलो की भांडायचो, आणि तो ऐकून घ्यायचा. रिपोर्ट चांगला आला. लग्नही झालं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी आईसोबत कळमन्याच्या बाजारात संत्री घ्यायला गेले होते. समोर डॉक्टरीणबाई उभ्या. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं आणि आईला विचारलं, "गोड आहेत का हो?" आईनं एक संत्रं सोलून अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं. दोघी फोडी खात संत्र्यांच्या भावाबद्दल बोलल्या. मग बाई निघून गेल्या.

"कोण होती वं? चांगली वाटली बाई," आई म्हणाली.

"खूप चांगली," मी म्हणाले, आणि पिशवी उचलली.