समुद्राकाठचे लाल खुंट

"माझं चुकत असेल तर बरंच आहे हो," असं आधी म्हणायचे आणि मग बोलायला लागायचे. आमच्या भूगोलाच्या मास्तरांची सुरुवात कायम अशीच. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो, जवळच्या पाम गावाहून सायकलनं यायचो, आणि दर वेळी मनातल्या मनात कपाळावर हात मारायचो. अहो, तुम्हीच सांगा, स्वतःच्याच बोलण्यावर आधी शंका घेणाऱ्याचं कोण ऐकणार?

शाळा तारापूरजवळ, मच्छीमारांच्या वस्तीला लागून. दर वर्षी मोठ्या उधाणाचं पाणी जिथवर चढेल तिथं मास्तर वाळूत एक लाकडी खुंट ठोकायचे. बहुतेक वेळा नवा खुंट जुन्याच्या पुढं, वस्तीच्या बाजूला यायचा. एखाद्या वर्षी मागं पडायचा, तर तेही मुलांना आवर्जून दाखवायचे. तेरा वर्षं हा उद्योग चालला. आम्ही बाकीचे मास्तर हसायचो, मीही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वस्तीतल्या बारा घरांनी समुद्राकडच्या मोकळ्या पट्ट्यात पक्की घरं बांधायचं ठरवलं. मास्तरांची झोपच उडाली. रस्त्याच्या अलीकडं, समुद्रापासून लांब बांधा, म्हणून दारोदार फिरले. शेवटी देवळासमोर बैठक भरली. मास्तरांनी स्टोव्ह, बाटली आणि काचेची नळी आणली. बाटलीतलं रंगीत पाणी तापलं तसं नळीतून वर चढलं.

"धुरानं सगळ्या जगाची हवा तापतेय," ते म्हणाले. "समुद्र तापला की असाच फुगतो. शिवाय बर्फ वितळून पाणी येतं ते वेगळंच."

"मास्तर, दर्या काय चुलीवर ठेवलाय काय?" भानुमतीबाई म्हणाल्या. बोंबील विकायच्या, आणि वस्तीत त्यांचा शब्द चालायचा. सगळे हसले, मास्तरही हसले. मग बाईंनी गंभीर होऊन विचारलं, "आमचं घर जाईल का नाय, तेवढं नक्की सांगा."

सगळे मास्तरांकडं बघू लागले. मी मनात म्हटलं, मास्तर, आता एकदा 'जाईल' म्हणा.

"इथलं नक्की नाही सांगता येत," मास्तर म्हणाले. "लोक वाळू उपसतात, त्यानंही किनारा खचतो. पण जगभरचं मिळून पाहिलं तर पाणी वाढणार हे दिसतंय. रविवारी खुंट बघायला या, मग ठरवा."

"म्हंजे नक्की नाय," बाई म्हणाल्या. तरी यायचं कबूल केलं.

परतताना मी भडकलो. "एक शब्द म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"आणि पाच वर्षांत घर नाही गेलं, तर पुढचं कोण ऐकेल?"

शनिवारी संध्याकाळी मला शहाणपण सुचलं. पावसापाण्यानं काळे पडलेले खुंट लोकांना दिसणार कसे? शाळेतला लालभडक रंग नेला, सगळे खुंट रंगवले, वर पांढरे आकडे टाकले. मास्तरांना म्हटलं, बघाच उद्या.

रविवारी आम्ही पोचलो तर किनाऱ्यावर एकही खुंट नव्हता.

मागं एका प्रकल्पात या लोकांची जमीन गेली होती. तेव्हाही आधी असेच लाल खुंट आले होते, मोजणीवाल्यांचे. त्या रविवारी पहाटे बाईंनी आमचे खुंट पाहिले आणि बायकांना घेऊन उपटून टाकले. चुलीतही घातले.

"तुमचे खुंट मला म्हाईत हायत, ते काळे," बाई रडकुंडीला आल्या. "हे लाल नंबरवाले बगून काळजात धस्स झालं, मास्तर! वाटलं, परत जमीन जाते."

मास्तरांनी जागा शोधल्या. बायकांच्या पायांनी आणि वाऱ्यावरच्या वाळूनं भोकं बुजली होती. मग ते वाळूत बसले. मला एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

घरं तिथंच झाली. वर्षभरात मास्तर निवृत्त होऊन पालघरला मुलीकडं गेले आणि तिथंच वारले. मला आठवतात ते मात्र त्याआधीचे, भानुमतीबाईंच्या वास्तुशांतीच्या दिवशीचे. नव्या पडवीत आम्ही दोघं बसलो होतो. समोर पन्नास पावलांवर समुद्र.

"मास्तर, कसं झालं घर?" बाईंचा चेहरा आनंदानं फुललेला. "टिकंल ना?"

मी मास्तरांकडं पाहिलं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला.

"टिकेल," ते म्हणाले. "नक्की टिकेल."

बाईंनी खूश होऊन त्यांच्या पानात आणखी एक लाडू वाढला, आणि मास्तर मान खाली घालून तो खाऊ लागले.