रक्षाविसर्जनाला घेतलेला शब्द

आमच्या भागात नोकरी शोधत नाहीत, लावतात. "पोराला कुटं लावलं का न्हाई?" बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवसापासून हे ऐकून माझे कान किटले. मी कराडला जाऊन रसायनशास्त्र शिकलो याच्याशी विचारणाऱ्याला काडीचं देणंघेणं नसायचं. गावाच्या शिवेलाच साखर कारखाना आहे. त्याच्या लॅबमध्ये केमिस्टच्या जागा निघायच्या, भरायच्या, आणि भरल्यावर आम्हाला कळायच्या. तोवर मी इस्लामपूरला क्लासमध्ये पोरांना समीकरणं शिकवत होतो.

वडील मी शाळेत असतानाच गेले. घरात आई आणि मी, भिंतीपलीकडं धाकटे चुलते. आईचा सगळा जीव त्या कारखान्यात अडकलेला. पुण्यात खोली करून बारा-बारा तास कंपनीत राबण्यापेक्षा पोरगं घरचं खाऊन सायकलवर कामाला जावं, एवढंच तिचं मागणं.

कारखान्याचे चेअरमन तेच आमदार. त्यांना सगळा तालुका साहेब म्हणतो. आईच्या माहेरचा एकजण साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होता, म्हणजे आमचा वशिला तो! आई त्याच्या घरी भुईमुगाच्या शेंगा पोचवायची, हुरडा पोचवायची. तो म्हणायचा, "मावशी, सकाळच्या पारी बंगल्यावर या, गाठ घालून देतो." मग ही कपाटातली चांगली साडी नेसून बंगल्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. साहेब मुंबईला गेलेत. साहेब मीटिंगला बसलेत. साहेब आत्ताच मागच्या दारानं गेले. एकदा गाडी अगदी तिच्या अंगाला घासून गेली. तिनं हात जोडले, पण काळी काच काही खाली झाली नाही.

त्या दिवशी मी घरी तणतणलो. म्हटलं, आता बास कर, मला लाज वाटती.

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "लाज पोटाला घालती व्हय रं?"

पुढं तिच्याच पोटात गाठ निघाली. कळायला उशीर झाला होता. माझे क्लास बुडू नयेत म्हणून मिरजेला दवाखान्यात चुलतेच तिला घेऊन जायचे, आष्ट्यावरून एस.टी.नं. संध्याकाळी परत आली की मी विचारायचो, काय म्हणाले डॉक्टर? "काय म्हंत्यात? गोळ्या खावा म्हंत्यात." मी त्यावर विश्वास ठेवायचो, कारण मला तो ठेवायचा होता.

ऊसतोडी नुकत्याच सुरू झाल्या होत्या, तेव्हा ती गेली.

तिसऱ्या दिवशी नदीकाठी रक्षाविसर्जन होतं. आमच्याकडचे नेते एक वेळ लग्न चुकवतील, पण रक्षाविसर्जन चुकवणार नाहीत. सकाळी उठून तीन-तीन गावांतल्या राखेला हात जोडून येतात. मतदार कुठं एके ठिकाणी उभा असतो हे त्यांना बरोबर ठाऊक. साहेबही आले. ज्या बाईला त्यांनी कधी काच खाली करून पाहिलं नाही, तिच्या राखेसमोर मान खाली घालून उभे राहिले. माझं टाळकं तिथंच सणकलं होतं, पण मी मुंडण करून, ओल्या अंगानं उभा. बोलणार काय?

नैवेद्य ठेवला. कावळा यावा म्हणून सगळे मागं सरले, चुलते मात्र सरले नाहीत. नैवेद्याला खेटून, हात जोडून उभेच. बाभळीवर कावळे बसलेले, पण माणूस एवढ्या जवळ म्हटल्यावर ते कशाला येतात?

"आवं, मागं सरा की!" कुणीतरी म्हणालं.

चुलत्यांनी ऐकूनच घेतलं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. पुढच्या गावात त्यांची वाट बघत होते, पण कावळा शिवायच्या आत सगळ्या गावादेखत पाठ कशी फिरवणार? मग चुलते नैवेद्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "वैनी, पोराच्या नोकरीत जीव अडाकलाय तुमचा, ठावं हाय आमाला. साहेब हितंच हुबं हायती. त्ये बगतील."

सगळ्या माना साहेबांकडं वळल्या. साहेबांनी घसा साफ केला. "बघू की आपण."

चुलते जागचे हलले नाहीत. "वैनी, साहेब 'बगू' म्हंत्यात. कावळा तर काय येईना."

एक कावळा बाभळीवरून उठला, चुलत्यांच्या डोक्यावर घिरटी घालून परत फांदीवर जाऊन बसला. बायकांत हुंदके सुरू झाले.

"उद्या पाठवा त्याला कारखान्यावर," साहेब म्हणाले. "लॅबमध्ये घेतो. माझा शब्द."

चुलते मागं सरले, आणि कावळा लगेच आला. म्हातारी माणसं म्हणाली, बघा, इच्छा राहिली होती माउलीची. मी मात्र शरमेनं मेल्याहून मेलो.

घरी आल्यावर मी पाहुण्यारावळ्यांदेखत चुलत्यांवर तुटून पडलो. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लंत तुमी! माझ्या आईच्या राखंवर सौदा केलासा. मी मरंन, पर त्या कारखान्याची पायरी चढणार न्हाई."

पाहुणे गेल्यावर त्यांनी मला गोठ्यात बोलावून घेतलं. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडं न बघता बोलले.

"माजं डोकं न्हवं रं त्ये. वैनीचं."

मिरजेहून येताना आष्ट्याच्या स्टँडवर बसली असताना ती त्यांना म्हणाली होती, "भावजी, जित्या माणसाला साहेब गावत न्हाई, पर मयताला चुकत न्हाई. माज्या सावडायला येतील. पोराचा शब्द घेतल्याबिगर निवदापासनं हलू नगा."

चुलते म्हणाले, "मी नगं नगं म्हणत हुतो. तिनं गळ्याची आण घातली. तुला सांगू नगा म्हणाली, कळलं तर त्यो जायचा न्हाई."

मी तिथंच वैरणीच्या पेंढ्यांवर बसलो. विचारलं, हे सांगताना आई रडली का?

"न्हाई. तिला निस्ता एकच घोर. नागपूरचं अधिवेशन सुरू झालं की साहेब गावाकडं येत न्हाईत. 'त्येच्या आत उरकलं म्हंजी बरं,' म्हणाली."

चुलते बोलता बोलता थांबले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मी अधिवेशनाच्या तारखेचा विचार करत होतो. ते दोन आठवड्यांवर आलं होतं. आईनं तेवढंसुद्धा बरोबर जमवलं होतं. मी तिचा मुलगा, एकाच घरात राहणारा, आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुतकातच, डोक्याला टोपी घालून मी कारखान्यावर गेलो. डिग्रीची फाईल काखेत होती. फाटकावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली. वॉचमननं मला नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. टोपीखालचं मुंडण तेवढं बघितलं.

"साहेबांचा फोन हुता," तो म्हणाला. "आई वारल्यालं त्ये तुमीच का?"

तीन दिवस सगळं गाव माझ्या गळ्यात पडून रडलं होतं, पण माझ्या तोंडून ते अजून एकदाही निघालं नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो. "माझी आई वारली."

त्यानं फाटक उघडलं.