वानखडे सर आणि नवी मांडणी

आई-बाबांनंतर माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते दर्यापूरच्या नामदेव वानखडे सरांचे. बसस्थानकामागे, कृषी केंद्राच्या माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास आहे. तिथल्या एकाही संगणकाला माउस नाही. सगळे माउस सरांच्या खणात. कुणी मागितला की सर म्हणतात, "उंदराले सुट्टी हाय आज." ती सुट्टी कधी संपत नाही.

यंत्रांबाबत सरांच्या आवडीनिवडी पक्क्या. बोलायला बटणांचाच फोन, कारण तो पडला तरी काळीज धसकत नाही. एका मुलाने मोबाइलवर बोलून टाइप होतं ते दाखवलं. सरांनी कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, "अन् हापिसात चौघंही संगंच बोलाले लागले तं?" कुठलीही नवी सोय दाखवा, त्यांचं ठरलेलं: "काय भेटते ते समजलं. जाते काय, ते सांग."

कीबोर्डबद्दल मात्र ते हा प्रश्न विचारत नसत. मराठी अक्षरं जुन्या टाइपरायटरच्याच मांडणीत हवीत. इनस्क्रिप्ट ही नवी मांडणी म्हणजे त्यांना दुसऱ्याचं स्वयंपाकघर वाटे. "डबे सारे हायेत, पन मीठ कुठी हाय ते सापडत नाई."

मी भाजी पिकवणाऱ्या घरातला पहिला पदवीधर. लिपिकाची लेखी परीक्षा पास झालो. नोकरी अडली ती टायपिंगच्या चाचणीवर. माझ्या डाव्या करंगळीचं टोक लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलेलं, आणि जुन्या मांडणीत अनुस्वार नेमका त्याच बोटाखाली. तो ओळीओळीत सुटायचा. चाचणीला दोन्ही मांडण्या चालत होत्या, पण सरांपुढे इनस्क्रिप्टचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती.

एकदा सर बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या कीबोर्डवर नव्या मांडणीची स्टिकरं होती. शेजारच्या कीबोर्डवरही तीच, आणि त्यापुढे स्वतः सर. या मांडणीत अनुस्वार करंगळीशेजारच्या बोटाखाली येतो, हे ते पाहून आले होते.

"पण सर, तुम्हाला तर ही आवडत नाही," मी म्हणालो.

"माह्या आवडीचं काय घिऊन बसला? परीक्षा तुही हाय. मलेई येत नाई. दोघं मिळून शिकू."

साठीतले सर 'क' शोधायला चष्म्यासकट वाकायचे आणि पोरं खुसखुसायची. "हासा बे," ते म्हणायचे, "मास्तर नापास होताना कुठी पाह्याले भेटते?" त्यांची गाडी बैलाची; माझी हळूहळू पळू लागली. ज्या दिवशी मी त्यांच्या आधी परिच्छेद संपवला, त्या दिवशी त्यांनी सगळ्या क्लासला चहा पाजला आणि स्वतःच्या कीबोर्डवरची स्टिकरं नखाने खरवडून काढली. म्हणाले, "माहं शिक्षन झालं."

मी चाचणी पास झालो. अकोल्याला रुजू झाल्यावर त्यांना हे पत्र पाठवलं:

"आदरणीय सर, सादर नमस्कार.

काल कार्यालयातलं पहिलं पत्र टाइप केलं. अनुस्वार सगळे जागेवर होते. साहेबांनी एकही दुरुस्ती न करता सही केली. टाइप करणाऱ्याने पत्राच्या खाली, कोपऱ्यात, आपली आद्याक्षरं टाकायची इथे पद्धत आहे. मी माझी टाकली. तुमची टाकायला जागा नव्हती, म्हणून हे वेगळं पत्र.

आपला विद्यार्थी,
गजानन"