नाचणगावची भरती

मुंबई बंदराबद्दल आमच्या वहिनीच्या मामांना जेवढं ठाऊक होतं तेवढं खुद्द मुंबईलाही ठाऊक नसावं, असं माझं आजही ठाम मत आहे. हे मामाजी राहायचे पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात. पश्चिमेला बडनेऱ्याच्या पुढे ते कधी गेले नव्हते. समुद्र त्यांनी चित्रातसुद्धा नीट पाहिला असेल की नाही, शंकाच आहे, कारण त्यांच्या घरातल्या कॅलेंडरवर बारा महिने गणपती असायचा. पुलगावच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये ते गाठींवर मार्का मारत. कापसाची दाबलेली गाठ पुढे आली की तिच्यावर पत्र्याचा साचा धरायचा आणि काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा, एवढंच काम. त्या रंगानं त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत कायमचा काळा झाला होता. लग्नात नवरदेवाला कुंकू लावायची वेळ आली की ते डावा हात पुढे करायचे आणि मामी तो मागे ओढायच्या.

मुंबईची गोष्ट सांगायला त्यांना निमित्त लागत नसे. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे चहाची कपबशी उचलेपर्यंत मामाजी सात बेटांवर पोचलेले असत. बेटांच्या मधल्या खाड्यांतून भरतीला पाणी कसं आत शिरायचं, लोकांनी बांध घातला की ते कसं तो ढकलून द्यायचं, मग टेकड्या फोडून दगडमाती कशी ओतली, किल्ल्याचा तट पाडून शहर बाहेर कसं सांडलं, तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली म्हणून आपल्या वऱ्हाडच्या कापसाला भाव कसा चढला, आणि त्या कापसावर गोद्या नि गोदामं कशी उभी राहिली. हे सगळं ते असं सांगत, की जणू माती ओतणाऱ्यांत एक टोपलं त्यांचंही होतं. माझ्या चुलत आजोबांच्या तेराव्याला त्यांनी एका जहाजाचा माल उतरवायला सुरुवात केली आणि पंगत उठली तरी तो उतरतच होता.

इथवर हसायला बरं वाटायचं. पण मध्येच ते असं काही बोलत की हसणारा माणूस इकडेतिकडे बघू लागे. "भरावावर हळू चालाव लागते," ते एकदा मला म्हणाले. "खाली पानी हाये. त्यानं जागा सोडली नाई. ते वाट पाहून राह्यलं." हे ते नाचणगावच्या बाजारात, वांग्यांच्या ढिगासमोर उभं राहून सांगत होते, आणि सांगताना स्वतः खरोखर हळू पाय टाकत होते.

भरती-ओहोटीचंही असंच. जेवताना हात थांबवून ते म्हणायचे, "लागली भरती." मामी पुढची पोळी वाढायच्या. ओहोटी चालू असताना मामाजी केस कापत नसत, नवं धोतर नेसत नसत आणि कोणाला निरोप देत नसत. जावयालासुद्धा त्यांनी एकदा या कारणासाठी चार तास बसवून ठेवलं होतं. पुलगावच्या शाळेत भूगोल शिकवणारे एक गुरुजी होते. त्यांनी मामाजींची जिरवायची म्हणून आठवडाभर रोजच्या वेळा वहीत लिहून घेतल्या आणि मुंबईहून त्या आठवड्याची, भरतीच्या वेळा छापलेली वर्तमानपत्रं मागवली. ती आली, गुरुजींनी पडताळा घेतला आणि वही मिटली. काय निघालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण पुढे ते मामाजींच्या घरावरून जायचं टाळू लागले.

मामींची तक्रार वेगळी होती. मामाजींचं धोतर दोरीवर वाळलं की काठाला पांढरी खारट रेघ उमटायची. "घाम हाये, दुसरं काय," मामाजी म्हणायचे. मामींनी एकदा ते धोतर माझ्या नाकाशी धरलं. माळकऱ्याच्या घरातल्या त्या धोतराला मासळीचा वास होता.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी वहिनीचा धाकटा भाऊ दिलीप घरातून निघून गेला. वर्ध्याच्या कॉलेजात दुसऱ्यांदा नापास झाला, वडील चारचौघांत बोलले, आणि त्यानं मुंबईची गाडी पकडली. स्टेशनावर कोणीतरी त्याला पाहिलं होतं, एवढंच कळलं. पाच महिने पत्र नाही. वहिनी ताटावर बसायची आणि तशीच उठायची. दादा आणि मी शोधायला निघायचं ठरवलं, पण एवढ्या मुंबईत शोधायचं कुठं? तेव्हा मामाजींनी आम्हाला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता पुन्हा सात बेटं. पण त्या दिवशी ते नेहमीसारखे रंगात नव्हते. त्यांनी खडूनं फरशीवर एक लांब भिंत काढली.

"शिवडीकडं जाजो. कापसाच्या गोदामाईच्या मागं ही भिंत हाये. भिंतीनं चालत राहा. रस्त्याच्या मधात लोखंडाचा खुंटा दिसन, जहाज बांधाचा. तिथं आता पानी नाई, पन अगुदर होतं. खुंट्याच्या सामने पोते शिवनाऱ्याचं दुकान हाये. तिथं विचारजो."

"मामाजी, तुम्ही पण चला ना," दादा म्हणाला.

"मी नाई येत."

"काऊन?"

"मी तिथं गेलो तर इथं कोन राहीन?" ते शांतपणे म्हणाले आणि खडू ठेवून भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिवडीला होतो. गोदामं होती. भिंत होती. तिच्या कडेनं आम्ही चालत गेलो. मी खाली बघितलं तर दादा आणि मी दोघंही पाय हळू टाकत होतो. खुंटा रस्त्याच्या अगदी मध्ये होता. समुद्र तिथून दिसतही नव्हता, पण खुंट्याचं बूड ओलं होतं. समोरच्या दुकानात रत्नागिरीकडचा एक म्हातारा दाभणानं पोतं शिवत बसला होता. आम्ही तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "नाचणगावचे ना? आत जा. ताप अजून आहे त्याला."

दिलीप आत पोत्यांवर पडला होता. डोळे पिवळे, हाडांवर कातडं. दादानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दिलीपनं आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागं दाराकडे पाहिलं.

"मामाजी गेले काय?" त्यानं विचारलं. "आत्ता तर पानी पाजून राह्यलते."

मी म्हाताऱ्याकडे वळलो. "कोण होतं इथं?"

"तुमचे मामा. तीन दिवस बसून होते उशाशी. धोतरवाले. एक हात काळा." त्यानं दाभण पोत्यातून ओढून घेतलं. "भरती लागली की यायचे. फार बोलत नाहीत."

परतीच्या गाडीत दादानं सगळं उलगडून दाखवलं. दिलीप तापात बरळला असेल, त्यातून म्हाताऱ्याला गाव कळलं असेल, मामा कळले असतील, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना माणसं दिसतातच. मी मान डोलावली. दिलीप वाचला होता, आणि तेवढ्यावर आमचं दोघांचं भागत होतं.

नाचणगावला मामी दारातच भेटल्या. आम्ही निघाल्यापासून मामाजी प्रेसमध्ये गेले नव्हते, जेवले नव्हते, खाटेवरून हललेही नव्हते. वैद्यांनी नाडी पाहिली तेव्हा म्हणे, ती बराच वेळ सापडलीच नव्हती. मी आत जाऊन दिलीप सापडल्याचं सांगितलं. ते उठून बसले. दिलीपचं काहीच विचारलं नाही. "लई थकलो बावा," एवढंच म्हणाले आणि दोन तांबे पाणी प्याले.

त्यानंतर ते पूर्वीसारखे झाले नाहीत. बंदराच्या गोष्टी सांगत, पण कमी, आणि कोणी आग्रह केला तरच. पुढे ते निवृत्त झाले, प्रेसचं कामही उतरणीला लागलं. मला मुंबईला नोकरी मिळाली. खाडीपलीकडे नवं बंदर उभं राहत होतं, माल मोठमोठ्या लोखंडी पेट्यांतून येऊ लागला होता, आणि जुन्या गोद्यांवरची माणसं एकेक करून घरी बसत होती. शिवडीला मी पुन्हा एकदाच गेलो. म्हाताऱ्याचं दुकान बंद होतं.

सुटीत नाचणगावला गेलो की मामाजींना भेटायचो. आता मी बोलायचो आणि ते ऐकायचे. पलीकडच्या क्रेन किती उंच, जहाज कसं उभं राहतं, पेटी कशी उचलतात, मी सगळं सांगायचो. ते गुडघ्यांभोवती हात घालून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत. शेवटच्या भेटीत मी असाच बराच वेळ बोलत होतो. मध्येच त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मुंबईले समुद्र हाये काय रे?" त्यांनी विचारलं.

मामी चुलीशी पाठमोऱ्या बसल्या होत्या, त्यांनी वळून पाहिलं नाही.

"आहे मामाजी," मी म्हणालो. "फार मोठा आहे."

"पाहाव लागते एखाद्या वेळी," ते म्हणाले आणि माझं मनगट तसंच धरून बसून राहिले.