एक जुलैवाल्या लेकरांची आई

आज माझा वाढदिवस नाही.

सकाळपासून शुभेच्छा येताहेत, म्हणून सांगते. आज सकाळी माझी आई गेली. वाशीमला, दवाखान्यात.

तिच्या खाटेजवळ बसून मी तिघांना "थँक यू" असा रिप्लायही पाठवला. का पाठवला माहीत नाही. बोटं आपोआप चालली.

रडू येत नाहीये. डोकं सुन्न आहे. म्हणून लिहीत बसलेय.

एक जुलै ही माझी शाळेतली जन्मतारीख. आमच्या वर्गात निम्म्या पोरांची तीच आहे. यामागे माझी आईच आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. इंझोरीकडचं आमचं लहानसं गाव. गुरुजी परगावचे. जून संपत आला की ते पोरं गोळा करायला दारोदार फिरायचे, आणि बायका परका माणूस बघून दाराआड जायच्या.

मग आई त्यांच्यासोबत जायला लागली. अक्षरओळख नाही, बौद्धपुऱ्यातली मजूर बाई. पण शाळा उघडायच्या आधी आठ दिवस ती कामाला जायची नाही. आधी शाळेची जमीन शेणानं सारवायची, मग गुरुजींच्या पुढे चालायची.

जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. "तूर फुलावर होती तवाचा हाये," एवढंच कळायचं. म्हणून हाताचं माप. डोक्यावरून हात घालून पलीकडच्या कानाला बोटं लागली, की लेकरू सहा वर्षांचं.

माप आई घ्यायची. फार कडक.

"याचा पोचते, लिवा गुरुजी. याचा नाही पोचत, पुढल्या साली."

त्या वर्षी तिनं सखूमावशीच्या देवानंदला परत पाठवलं. दोन बोटं कमी पडली.

दुसऱ्या दिवशी मला उभं केलं. माझी चार बोटं कमी.

"मान कलती कर जराशी," आई हळूच म्हणाली.

मी केली. तरी नाही.

गुरुजी सगळं पाहत होते. म्हणाले, "बाई, काल सखूबाईंचा मुलगा तुम्हीच परत पाठवलात ना?"

आई म्हणाली, "पाठवला गुरुजी. पण पोराले पुढल्या साली कोणीबी आणन. हिले नाही आणणार. निंदण लागलं की हिची आजी हिले लहान्यापाशी बसवते. एकडाव बसली की मंग बसलीच."

निंदण म्हणजे खुरपणी, आणि लहाना म्हणजे माझा भाऊ. आठ महिन्यांचा होता.

गुरुजी पुढे आले. माझा हात धरला, ओढून कानाला टेकवला. चांगलाच दुखला.

"पोहोचतो," म्हणाले, आणि जन्मतारीख लिहिली. एक जुलै.

घरी जाताना आई माझा हात सोडून भराभर पुढे चालली. मला वाटलं, माझ्यावर चिडली. संध्याकाळी भाकरी टाकता टाकता आजीला म्हणाली, "सखूच्या पोराचं मी वाईट केलं."

सकाळी ती स्वतः सखूमावशीच्या घरी गेली आणि देवानंदला दंडाला धरून शाळेत आणलं.

"गुरुजी, माह्यं माप चुकलं होतं. याचाबी पोचते."

त्यानंतर तिनं कुणाचाच हात मोजला नाही. दिसेल ते लेकरू शाळेत आणून बसवायची. गुरुजी लिहीत जायचे, एक जुलै, एक जुलै.

त्या ओढलेल्या हातामुळे कागदावर मी वर्षभर मोठी झाले. गेल्या वर्षी जिल्हा परिषदेतून रिटायर झाले, तेव्हा आईवर वैतागले होते.

"आई, तुझ्यामुळे एक वर्षाची नोकरी गेली माझी."

तिनं सुपारी कातरताना मान वरही केली नाही. "अन् नोकरी कोणामुळं होती?"



देवानंदचं आता वाशीमला फ्लेक्सचं दुकान आहे. दर एक जुलैला आम्ही एकमेकांना फोन करतो. आज सकाळी त्याचा आला. "हॅपी बर्थडे सुमन" म्हणाला आणि मी म्हटलं, "आई गेली."

तासाभरानं त्याचा परत फोन. "फ्लेक्सवर फोटो लावला मावशीचा. खाली जन्मतारीख टाका लागते. काय टाकू?"

आईची जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. आधार कार्डावर नुसतं साल आहे, तेही अंदाजे. तिचा हात मोजून शाळेत न्यायला कुणी आलंच नव्हतं.

"एक जुलै टाक," मी म्हटलं.



तो म्हणाला, "तेच टाकून ठेवलं होतं."

दुपारी चारला गावातल्या घरून नेणार आहोत. ज्यांनी शुभेच्छा दिल्या त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, त्या मी तिला देते.

आई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. पहिल्यांदाच देतेय.

आणि भावपूर्ण श्रद्धांजली.