लाईनीत तापणारी गाडी

बाबांची गाडी चालताना तापत नसे. उभी राहिली की तापे.

सूरजागडच्या खाणीवर लोहखनिज भरायला जाणारे ट्रक लाईनीत थांबतात. लाईन थोडी थोडी पुढे सरकत असते, म्हणून कुणी इंजिन बंद करत नाही. त्या उभ्या वेळात आमच्या गाडीचा तापमानाचा काटा लाल खुणेवर जायचा आणि बाबांना लाईन सोडून बाजूला यावं लागायचं. गाडीचे मालक चंद्रपूरला राहायचे. त्यांनी मेकॅनिककडून थर्मोस्टॅट बदलून घेतला, वॉटर पंप बदलून घेतला, पंख्याचा पट्टाही नवा टाकला. तरी गाडी तापलीच. तेव्हा ते फोनवर म्हणाले, "गाडी चांगली आहे, चालवणारा बघावा लागेल. आता लाईनीतून निघाली तर चावी आणून द्या."

ही गाडी बाबांनी नवी असल्यापासून चालवली होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी ब्रह्मपुरीहून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे घरात काहीही बिघडलं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मला मनातून भीती वाटते.

गाडी घरासमोर मोहाच्या झाडाखाली उभी होती. बाबा म्हणाले, "तुमच्या पुस्तकात उष्णतेचं हाय ना? सांग मंग, काऊन तापते?"

"इंजिनाचं नाई शिकवत, बाबा."

"उष्णतेचं त शिकवतात."

मी उलटंच विचारलं, "कधी नाई तापत?"

"भरून आष्टीपर्यंत जाते. काटा हलत नाई."

म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी नीट फिरत होतं. मग चालताना गाडीला असं काय मिळतं, जे उभ्याने मिळत नाही? मी चाचरत म्हटलं, "समोरून हवा?"

"उभी असली का पंखा ओढते ना हवा."

बाबांनी गाडी चालू केली. जाळीमागचा पंखा फिरत होता. मी जुन्या पेपरचं एक पान समोरच्या जाळीवर धरलं. पंखा हवा ओढत असेल तर ते चिकटायला हवं होतं. हात काढला आणि पान खाली पडलं. शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन बघत होत्या. "काय वो कालेजवाली, टरकाले पेपर वाचून दाखवते का?" मला फार लाज वाटली.

तेवढ्यात बाबांसोबत लाईनीत असणारे एक ड्रायव्हर पाण्याचा डबा भरायला थांबले. त्यांची गाडी अगदी आमच्यासारखीच होती. त्यांच्या जाळीवर तेच पान धरलं, तर ते फडफडून चिकटून बसलं. ते हसले, "भाऊ, तुमची गाडी त दमच घेऊन नाई राह्यली."

"जाळी त चकाचक हाय माझी," बाबा म्हणाले.

ते खरंच होतं. लाईनीतल्या सगळ्या गाड्या खनिजाच्या धुळीनं लाल असतात, पण बाबांची गाडी उठून दिसायची. रोज परतल्यावर ते पाईपच्या तोंडावर अंगठा दाबून जाळीवर समोरून जोरात पाणी मारत. गाडी धुतल्याशिवाय ते ताटावर बसत नसत.

म्हणजे हवा आत कुठेतरी अडत होती. इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरच्या पुढे इंटरकूलरची आणखी एक जाळी असते. इंजिन थंड झाल्यावर बाबांनी आणि मी मिळून बोल्ट ढिले केले आणि ती जाळी पुढे सरकवली. दोन्ही जाळ्यांच्या मधल्या फटीत लाल थर बसला होता, लिंपलेल्या भिंतीसारखा. नखानं उकरला तर त्याच्या खपल्या निघाल्या. समोरून मारलेल्या पाण्यानं धूळ रोज थोडी थोडी आत गेली होती आणि इंजिनाच्या उष्णतेनं तिथेच भाजून निघाली होती.

बाबांनी एक खपली तळहातावर घेतली.

मग केबिन उचलून पुढे झुकवलं आणि त्यांनी इंजिनाच्या बाजूनं, आतून बाहेर, हलक्या धारेनं पाणी सोडलं. लाल पाणी रस्त्यापर्यंत वाहत गेलं. आईचा स्वयंपाक होईपर्यंत गाडी उभ्याने चालू ठेवली. काटा चढला नाही, आणि पान जाळीला चिकटलं.

आता मालकांना फोन करायचा होता. मी म्हटलं, "बाबा, नुसतं धूळ साचली होती म्हणून सांगा. खोटं थोडी हाय ते?"

"खोटं नाई. अर्धं हाय."

त्यांनी स्पीकर लावला. "शेठ, कारण सापडलं. मी रोज समोरून पाणी मारत होतो. त्यानं धूळ आत जमली. माझ्याच हातानं झालं."

आई चुलीजवळून उठून दारात येऊन उभी राहिली.

"म्हणजे इतके दिवस गाडी तुम्हीच तापवत होते?"

"हो."

"आता?"

"आता नाई तापत."

"उद्या लाईनीत लावा. तापली तर बोलू."

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडून ओसरीत बसले होते, पण वाचलं काहीच नाही. संध्याकाळी गाडी आली. बाबा खाली उतरले आणि मी विचारण्याआधीच म्हणाले, "काटा मधातच होता." मग त्यांनी केबिन उचललं आणि आतल्या बाजूनं पाणी सोडलं. बाहेरून गाडी लालच राहिली, आणि बाबा हात धुऊन ताटावर बसले.