दिवाकरचा आठ नंबर

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी पंख्याखाली बसून बुटांच्या तळव्यात अडकलेलं गवत काढत होतो. "भाऊजी, लवकर या. हे उठून नाही राहिले," एवढंच त्या म्हणाल्या. हुडकेश्वरला आमची घरं एकाच गल्लीत. धावत गेलो. माझा मित्र दिवाकर दुपारचं जेवून कूलरसमोर आडवा झाला होता, तो तसाच... गोल्फचा चेंडू कुठे पडला ते दिसलं नाही की त्याच्या भुवया जशा उंच व्हायच्या, तशाच त्या वेळीही होत्या. त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले.

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून दिवाकर निवृत्त झाला आणि मी बँकेतून. डॉक्टरांनी दोघांनाही चालायला सांगितलं, पण नुसतं चालायचा आम्हाला कंटाळा. माझ्या जावयाच्या ओळखीनं गोल्फच्या मैदानावर प्रवेश मिळाला आणि साठीनंतर दोन म्हातारे काठ्यांच्या पिशव्या ओढत फिरू लागले. या खेळात प्रत्येक काठीला नंबर असतो. नंबर जितका लहान, तितका चेंडू लांब जातो. त्यामुळे खड्डा असलेल्या हिरवळीवर चेंडू टाकायचा, तर अंतर बघून काठी निवडायची, एवढंच शहाणपण लागतं. पण दिवाकरचा सगळा घोळ तिथेच होता. आमच्या सहाव्या हिरवळीच्या अलीकडे एक तळं आहे. चेंडू हवेतून पलीकडे टाकायला एकशे चाळीस यार्ड लागतात. पहिल्याच वर्षी, जूनमधल्या एका वावटळीच्या संध्याकाळी, पाठीमागून धुळीचा लोट येत असताना, दिवाकरनं आठ नंबरच्या काठीनं चेंडू थेट हिरवळीवर टाकला. झालं! त्या दिवसापासून त्याचा आठ नंबर एकशे चाळीस यार्ड जायचा. वारं असो वा नसो.

पुढची सात-आठ वर्षं त्यानं त्या तळ्यात किती चेंडू घातले, ते तळंच जाणे. मी म्हणायचो, "पाच नंबर घे." तो माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा, जणू मी त्याला कुबडी देऊ केली होती. चेंडू बुडाला की कारणं सुरू व्हायची. पाण्यावरची हवा जड असते, चेंडूला दव लागलं होतं, मी नेमका खोकलो... आयुष्य बॉयलरच्या वाफेत गेलेला माणूस, त्यामुळे हवेच्या दाबावर तो अर्धा तास बोलू शकायचा. एकदा हिवाळ्यात शोभावहिनी संत्री घेऊन मैदानावर आल्या होत्या. त्यांच्यासमोर दोन चेंडू बुडाले. त्यांनी संत्रं सोलता सोलता विचारलं, "याच्याहून लांब जाणारी काठी नाही का तुमच्याजवळ?"

"आहे ना वं. पाच आहे, सहा आहे."

"मग काहून नाही घेत?"

"ते म्हाताऱ्यांसाठी असते."

"मग घ्या ना!" वहिनी म्हणाल्या आणि शांतपणे फोड तोंडात टाकली.

मग ज्येष्ठांची जोडी स्पर्धा आली. आयुष्यात मी कधी कशातही पहिला आलो नव्हतो, आणि त्या दिवशी आम्ही पुढे होतो. प्रत्येक जोडीला वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात दिली होती, त्यामुळे आमची शेवटची खेळी नेमकी सहाव्या हिरवळीवर. मी हात जोडले, "दिवाकर, आजच्या दिवस पाच." तो म्हणाला, "तू पाहतच राह गा." मी पाहिलं. डुबुक! मी सर्वांसमोर त्याला नको नको ते बोललो. त्यानंतर चार महिने एका गल्लीत राहून आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. भाजीवाल्याची गाडी आली की एक जण आत जायचा.

अबोला सुटला तो त्याच्या बायपासनं. दवाखान्यात मी पलंगाशी उभा राहिलो. नळ्यांच्या जंजाळातून त्यानंच विचारलं, "ते तळं आटलं का गा?" मी "नाही" म्हणालो आणि त्याची चादर सारखी केली. पाच महिन्यांनी आम्ही पुन्हा मैदानावर गेलो. सहाव्या हिरवळीसमोर तो थांबला, पिशवीत हात घातला आणि हळूच म्हणाला, "विलास, कोणती घेऊ?" इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहिली होती. तो आला तेव्हा मात्र त्यानं विचारायला नको होतं असं वाटलं. "पाच," मी म्हणालो. चेंडू सुरेख उठला आणि हिरवळीच्या मधोमध पडला. दिवाकरनं काठी पुसून पिशवीत ठेवली. मग म्हणाला, "पडला तर बरोबर, पण मजा नाही आली." पुढच्या आठवड्यात त्यानं न विचारता आठ नंबर काढला. डुबुक! मला कधी नव्हे ते हायसं वाटलं.

गेल्या रविवारी वहिनींनी त्याची पिशवी आवरायला बोलावलं. आतल्या कप्प्यात औषधाच्या खोक्याचा एक पुठ्ठा निघाला. त्यावर दिवाकरच्या टपोऱ्या अक्षरात सगळ्या काठ्यांचे नंबर, आणि पुढे दोन रकाने. एकावर लिहिलं होतं 'खरे', दुसऱ्यावर 'विलासला सांगायचे'. आठ नंबरपुढे खरे एकशे दहा, सांगायचे एकशे चाळीस. वहिनींनी दोनदा वाचलं. "म्हणजे माहीत होतं यांले!" असं म्हणून त्या हसू लागल्या, मग मीही. दोघांनाही डोळे पुसावे लागले. तो पुठ्ठा मी मागितला, तर म्हणाल्या, "नाही भाऊजी, हा घरीच राहू द्या."

आता तो त्यांच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला आहे. परवा भेटायला आलेल्या कुणी बाईंनी विचारलं, ही कोणत्या औषधाची मात्रा? वहिनी चहा गाळत म्हणाल्या, "औषध नाही जी. खोटं किती बोलायचं, त्याचं माप आहे ते."